संगणकाची निगराणी : एक उपेक्षित विद्या



दहावी-बारावीचे निकाल लागले कीं घरोघरीं एकच प्रश्न चर्चिला जातो : मुलाला किंवा मुलीला पुढें कोठें घालावें? या प्रश्नाचें उत्तर हल्लीं बहुतेक ठिकाणीं 'कॉम्प्युटरला' असें एका शब्दांत देऊन टाकतात. परंतु 'कॉम्प्युटरला' म्हणजे नेमकें कशाला, असें पुढें विचारलें तर पालकच काय, कित्येकदां विद्यार्थीहि गोंधळतो. संगणकासाठीं प्रोग्राम लिहिणें हें या विद्येचें एक अंग आहे, आणि तेंच सर्वांच्या डोळ्यांत भरतें. पण लिहिलेला प्रोग्राम ज्या यंत्रावर चालावयाचा तें यंत्र सुरळीत ठेवणें, आणि अशीं हजारों यंत्रें एकमेकांशीं जोडून त्यांचा संवाद अखंड चालूं ठेवणें, हीं दोन निराळींच अंगें आहेत. पहिल्यास ऑपरेटिंग सिस्टिमचें व्यवस्थापन म्हणतात, दुसर्‍यास नेटवर्किंग. तंत्रनिकेतनांतील तीन वर्षांच्या पदविकेंत हे विषय असतात, माहिती-तंत्रज्ञानाच्या पदवीलाहि असतात. आणि बहुधा ते परीक्षेपुरते पाठ होऊन नंतर विसरलेहि जातात. या उपेक्षेबद्दल आज चार शब्द बोलावे असा माझा विचार आहे.

मी मॅट्रिक होऊन पुढें प्राथमिक शिक्षकाची पदविका घेतलेला मास्तर. या विषयांतील अधिकारी पुरुष म्हणून मी आपणांपुढें आलेलों नाहीं. माझी नात तंत्रनिकेतनांत हा अभ्यासक्रम शिकत आहे. तिचें दहावीपर्यंतचें शिक्षण मराठींतून झालेलें. इंग्रजी पुस्तकांतील वाक्यें सोडवून घेण्यासाठीं ती माझ्याजवळ येऊं लागली, आणि वाक्यें सोडवितां सोडवितां आजोबाहि त्या विषयांत गुंतले. दुसर्‍याचें पुस्तक डोकावून पाहण्याची खोड शिक्षकाला निवृत्तीनंतरहि सोडीत नाहीं.

ऑपरेटिंग सिस्टिम या शब्दानें बिचकण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं खेड्यांतील एकशिक्षकी शाळा पाहिली आहे त्यांना ही कल्पना तत्काळ कळेल. एक खोली, एक फळा, एक मास्तर आणि चार इयत्ता. मास्तर पहिलीला अक्षरें गिरवावयास लावतो, दुसरीला पाढे म्हणावयास सांगतो, तिसरीला गणितें घालतो आणि चौथीचें शुद्धलेखन तपासूं लागतो. तों पहिलीचें गिरवून होतें. प्रत्येक इयत्तेला वाटतें, मास्तरांचें लक्ष आपल्याकडेच आहे. संगणकांतहि असेंच चालतें. त्याच्या प्रोसेसरच्या एका गाभ्याला एका क्षणीं एकच काम करतां येतें. पण एका सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येक कामाला त्यांतला थोडा थोडा वेळ वांटून दिला जातो, आणि आपणांस वाटतें कीं गाणेंहि चालूं आहे, पत्रहि टंकलिखित होत आहे आणि पलीकडे छापणेंहि सुरू आहे. हें वेळापत्रक आंखणें, फळ्याची जागा कोणाला किती द्यावी तें ठरविणें, कोणाची वही कोणीं उघडावी यावर नजर ठेवणें, हें सर्व काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. एखादें दांडगें पोर सारा वर्ग वेठीस धरूं लागलें तर त्याला बाहेर काढणेंहि तिच्याच कामांत येतें. लिनक्समध्यें त्यासाठीं जी आज्ञा आहे तिचें नांवच मुळीं 'किल' ! आमच्या काळीं अंगठे धरण्यावर भागत असे.

या व्यवस्थांचा इतिहास फार जुना नाहीं. ज्या युनिक्सपासून पुढील बहुतेक व्यवस्थांनीं धडे घेतले, तिची उभारणी अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं १९६९ मध्यें सुरू केली. योगायोग असा कीं, संगणकांच्या जाळ्याचा जन्महि त्याच वर्षाचा. १९६९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २९ तारखेस लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत चार्ली क्लाइन नांवाचा एक विद्यार्थी दूरच्या स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंतील संगणकाला जोडून घेण्याचा प्रयत्न करीत होता. त्यासाठीं त्याला 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द अक्षर-अक्षर पाठवावयाचा होता. 'एल्' पोंचला, 'ओ' पोंचला, आणि पलीकडचा संगणकच कोसळला. तासाभरानें दुरुस्ती होऊन शब्द पुरा झाला. जगांतील या पहिल्या निरोपाची गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तार शाबूत होती; बिघडलें तें पलीकडचें यंत्र. म्हणजे पहिल्याच दिवशीं हें दिसून आलें कीं, जाळें आणि यंत्र हे दोन विषय एकमेकांपासून तोडून शिकतां येणार नाहींत. आमच्या महाविद्यालयांत मात्र ते दोन निराळ्या वर्षीं, दोन निराळे शिक्षक, एकमेकांचें नांव न काढतां शिकवितात.

आणखी एक गोष्ट. त्या जाळ्याचे नियम ज्यांनीं प्रथम लिहिले त्यांत कित्येक विद्यार्थीच होते. स्टीव्ह क्रॉकर नांवाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानें १९६९ च्या एप्रिलांत पहिलें टिपण लिहिलें. आपण अधिकारानें लहान, तेव्हां नियम घालून देणारे आपण कोण, या संकोचानें त्यानें त्या टिपणाला 'अभिप्रायार्थ विनंती' असें नम्र नांव दिलें. आज त्या मालिकेंतील टिपणांची संख्या ९००० च्या वर गेली आहे, जगाचें सारें इंटरनेट त्यांवर चालतें, आणि नांव अजून तेंच आहे. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स हाहि १९९१ मध्यें हेलसिंकी विद्यापीठांतील २१ वर्षांचा विद्यार्थीच होता. त्यानें हौसेखातर लिहिलेला गाभा आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्यें आहे. आणि जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादींत २०१७ च्या नोव्हेंबरपासून सर्वच्या सर्व यंत्रें लिनक्सवर चालणारीं आहेत.

आपल्याकडे १९८६ मध्यें सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें अर्नेट नांवाचें शैक्षणिक जाळें उभारण्यास घेतलें. आरंभीं त्यांत ज्या आठ संस्था होत्या त्यांपैकीं दोन मुंबईच्या : पवईची आय. आय. टी. आणि जुहूचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळालें तें १९९५ च्या १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाकडून. जुहूच्या केंद्राचे डॉ. एस. रमाणी यांचें नांव २०१४ मध्यें इंटरनेटच्या जागतिक सन्मानयादींत घातलें गेलें. जुहूला फिरावयास जाणार्‍या किती मुंबईकरांना हें ठाऊक असेल?

आतां थोडें गणित. श्रोत्यांनीं घाबरूं नये. हें गणित आपल्या आज्यांना येत होतें.

जाळ्यांतील प्रत्येक यंत्राला एक पत्ता द्यावा लागतो. चार आंकडे, मध्यें टिंबें, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. यांतील कोणताहि आंकडा २५५ च्या वर जात नाहीं. 'असें कां?' या प्रश्नावर नातीच्या वर्गांतील निम्मीं मुलें अडलीं होतीं. पुस्तकांत द्विमान पद्धतीचें एक कोष्टक होतें. तें पाठ करून परीक्षेंत उतरवावयाचें. मीं तिला धान्याचीं जुनीं मापें सांगितलीं. दोन कोळवीं म्हणजे एक चिपटें, दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अडिसरी, दोन अडिसर्‍या म्हणजे एक पायली. प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. आतां जोंधळा २१ कोळवीं मोजून द्यावयाचा आहे. पण अट अशी कीं प्रत्येक माप फार तर एकदांच भरावें. पायली चालणार नाहीं, ती ३२ कोळव्यांची. अडिसरी एकदां भरली, १६ झालीं. शेर भरला तर २४ होतील, म्हणून शेर बाजूस. मापटें भरलें, २० झालीं. चिपटें नको. कोळवें एक, झालीं २१. भरलेल्या मापाला एक आणि न भरलेल्याला शून्य लिहा : शून्य, एक, शून्य, एक, शून्य, एक. हीच संगणकाची अंकलिपि. मापें आठ घेतलीं तर सर्वांत मोठें १२८ चें होतें, आणि आठहि मापें एकेकदां भरलीं तर बेरीज २५५ भरते. त्यापलीकडे जाण्यास मापच नाहीं. १९२ म्हणजे १२८ आणि ६४. १६८ म्हणजे १२८, ३२ आणि ८. हें एकदां हातांत बसलें कीं कोष्टकाची गरज उरत नाहीं.

मुलांना अवघड वाटणारा 'सबनेटिंग' नांवाचा भाग या मापांतूनच सुटतो. समजा, महाविद्यालयाला एका पट्ट्यांतील २५६ पत्ते मिळाले, आणि ते कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा व वसतिगृह अशा चार ठिकाणीं सारखे वांटावयाचे आहेत. प्रत्येकीं ६४ आले. पहिली वांटणी शून्यापासून, दुसरी ६४ पासून, तिसरी १२८ पासून, चौथी १९२ पासून. प्रत्येक वांटणींतील पहिला पत्ता त्या आळीचें नांव म्हणून राखून ठेवतात, शेवटचा सर्वांना एकदम दवंडी पिटण्यासाठीं; यंत्रांना देण्यास उरले ६२. वसतिगृहांतील एखाद्या यंत्रांत विषाणू शिरला तर तो दवंडी पिटत कार्यालयाच्या हिशेबापर्यंत सहजासहजीं जाऊं नये, हा या वांटणीचा एक हेतु. हें कारण सांगितल्यावांचून नुसतीं उदाहरणें सोडवून घेणें म्हणजे व्याज कशासाठीं आकारतात हें न सांगतां सरळव्याजाचीं गणितें घालणें होय.

असे सर्व मिळून पत्ते ४,२९,४९,६७,२९६ होतात. १९८० च्या सुमारास ही संख्या अमर्याद वाटली असेल. २०११ च्या फेब्रुवारींत मध्यवर्ती कोठारांतील शेवटचे पट्टेहि वांटून संपले. त्यासाठीं आधींच नवी पत्तापद्धति योजून ठेवली होती. तिच्यांतील पत्त्यांची संख्या ३९ आंकडी आहे. आपला परार्ध अवघा १८ आंकडी ! दोन्ही पद्धति सध्यां शेजारीं शेजारीं नांदत आहेत, आणि विद्यार्थ्याला दोन्ही शिकाव्या लागतात.

आतां यंत्राच्या व्यवस्थेकडे वळूं. येथें गणितापेक्षां नीतीचा भाग अधिक आहे. लिनक्समधील प्रत्येक फाइलीवर तीन प्रकारचे हक्क असतात : वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालविण्याचा. त्यांचे आंकडे अनुक्रमें चार, दोन आणि एक. पुन्हां तींच मापें ! हे हक्क मालकाला किती, त्याच्या गटाला किती आणि इतर जनांना किती, हें तीन आंकड्यांनीं लिहितात. ७५५ म्हणजे मालकाला तिन्ही हक्क. गटाला व इतरांना वाचणें आणि चालविणें, पण लिहिणें नाहीं. विद्यार्थी एखादी अडचण आली कीं घाईनें ७७७ लिहून मोकळे होतात. काम चालूं होतें खरें. पण तें घराचीं सारीं दारें सताड उघडीं टाकून किल्ली शोधण्याचा त्रास वांचविण्यासारखें आहे.

या सर्वांवर 'रूट' नांवाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला कोणतीहि फाइल वाचतां येते, पुसतां येते. कोणाचीहि खाजगी पत्रें उघडतां येतात. यंत्राचा व्यवस्थापक तो हाच. पुष्कळ यंत्रांवर हा अधिकार प्रथमच उसना घेणार्‍याला पडद्यावर एक लहानशी समज दिसते, तिचा आशय असा कीं दुसर्‍याच्या खाजगीपणाचा मान राखा आणि आज्ञा देण्यापूर्वीं विचार करा. नातीनें ती मला दाखविली तेव्हां मला नवल वाटलें. यंत्राकडून अशी अपेक्षा नव्हती. बँकेचे, रुग्णालयाचे, शाळेचे संगणक ज्याच्या हातीं असतात त्याच्यापुढें लोकांचीं दुखणीं, कर्जें, गुण आणि पत्रव्यवहार सर्व उघडें असतें. पोस्टमन पत्रें वाचीत नाहीं या विश्वासावर आपलें टपाल चाललें. हा नवा पोस्टमन कोठें आणि कसा घडविला जातो, याची चौकशी पालकांनीं करूं नये काय?

ती चौकशी करण्यास मी एका महाविद्यालयांत गेलों होतों. त्याच्या नांवाशीं आपल्याला कर्तव्य नाहीं. प्रयोगशाळेला कुलूप होतें, पण विद्यार्थ्यांच्या प्रयोगाच्या वह्या सर्व पूर्ण होत्या. एका वहींत प्रयोगाची तारीख मागील वर्षाची होती ! मुलानें आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही उतरून काढतांना तारीख तर उतरलीच, शिवाय त्याच्या यंत्राचा पत्ताहि जसाच्या तसा उतरला होता. आणि खालीं तपासल्याची सही होती. यांत मुलांचा दोष मला थोडा वाटतो. यंत्र बिघडेल या भीतीनें यंत्राला हात लावूं द्यावयाचा नाहीं, आणि बिघडल्यावांचून दुरुस्तीची विद्या यावी अशी अपेक्षा करावयाची, हें पाण्यांत न उतरवितां पोहणें शिकविण्यासारखेंच आहे. वस्तुतः हल्लीं ही भीति बाळगण्याचेंहि कारण उरलें नाहीं. एका संगणकाच्या पोटांत दुसरा कल्पित संगणक उभा करतां येतो. तो मोडा, पुसा, पुन्हां उभा करा. खर्‍या यंत्राला ओरखडाहि उठत नाहीं. त्यासाठीं लागणारें व्हर्च्युअलबॉक्ससारखें साधन फुकट मिळतें.

नातीचें तंत्रनिकेतन या बाबतींत बरें म्हणावयाचें. तेथें तारेचें टोंक बसविण्याचा प्रयोग प्रत्येकाकडून करवून घेतात. जाळ्याच्या तारेंत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनांच्या चार पिळलेल्या जोड्या. पीळ शोभेसाठीं नसतो. शेजारच्या तारांची खरखर या पिळामुळें दोन्ही तारांवर सारखी पडते आणि पलीकडे वजा होऊन जाते. रेडिओच्या श्रोत्यांना खरखरीचें महत्त्व मीं सांगावयास नको. पीळ सोडवून रंग ओळीनें लावावयाचे : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग टोपी घालून चिमट्यानें दाबावयाचें. तिच्या पहिल्या दोन टोप्या फुकट गेल्या. तिसरी बसली आणि तपासणीच्या डबीवरील आठ दिवे क्रमानें लागले, तेव्हां घरीं येऊन तिनें तें तारेचें टोंक देवापुढें ठेवलें. तिच्या आईला हंसूं आलें. मला आलें नाहीं. अशी तार १०० मीटरपर्यंतच भरंवशाची, हें तिला आतां कोणी विसरावयास लावूं शकणार नाहीं.

येथूनच घरांतील तंट्याला आरंभ झाला. शेवटच्या वर्षासाठीं विषय निवडावयाचा होता. नात म्हणाली, "आबा, मला नेटवर्क आणि सर्व्हरकडेच जावयाचें आहे. तुम्ही बाबांना सांगा ना !" तिचे वडील, म्हणजे माझे चिरंजीव, म्हणाले कीं एवढें शिकून शेवटीं तारा ओढण्याचें काम करावयाचें असेल तर वायरमन काय वाईट? त्यांचा दुसरा आक्षेप रात्रपाळीचा. यंत्रें रात्रीं बिघडतात, दुरुस्ती व फेरफार रात्रींच करावे लागतात. मुलीच्या जातीला हें कसें झेपावें? तिसरा आक्षेप शेजारच्या एका उच्चशिक्षित गृहस्थांनीं पुरविला : आतां सर्व कांहीं 'क्लाउड'मध्यें जाणार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञा लिहिणार, तेव्हां या मुलांना विचारतो कोण?

पहिल्या आक्षेपाला मीं उत्तर दिलें तें असें. २०२१ च्या ऑक्टोबरच्या ४ तारखेची रात्र आठवा. नऊच्या सुमारास घरोघरींचे व्हॉट्सॲप बंद पडले आणि जवळजवळ सहा तास बंद राहिले. कोणीं हल्ला केला नव्हता. फेसबुक कंपनीच्या जाळ्यावर देखभालीचें काम चालूं असतांना दिलेल्या एका आज्ञेनें त्यांचीं केंद्रें एकमेकांपासून तुटलीं. त्यामुळें त्यांचे पत्ते जगाला सांगणारी यंत्रणाच गप्प झाली. नांव आहे, घर आहे, पण घराकडे जाणारा रस्ता नकाशावरून पुसला गेला, अशी अवस्था. दुरून दुरुस्ती करण्याचे मार्गहि त्याच जाळ्यावरचे असल्यानें अखेर माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत जावें लागलें. दुसरें उदाहरण २०२४ च्या १९ जुलैचें. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष सुधारणेनें जगभर विंडोज यंत्रें निळा पडदा दाखवून निजलीं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास दिले गेले. उपाय सोपा होता, एक फाइल काढून टाकावयाची. पण तो पुष्कळ ठिकाणीं एकेका यंत्रापुढें बसून करावा लागला. त्या दिवशीं ज्यांना हे 'वायरमन' म्हणून हिणवितात त्यांच्याच वाटेकडे सारें जग डोळे लावून बसलें होतें.

रात्रपाळीच्या आक्षेपाला उत्तर देणें कठीण आहे, आणि तें पोकळ शब्दांनीं देऊं नये. काम खरोखरच अवेळीं येतें. परंतु परिचारिका रात्रपाळी करतात, तेव्हां आपण त्यांच्या कुलीनतेची चौकशी करीत नाहीं. आणि या विद्येंत स्त्रियांना स्थान नाहीं असें कोणी समजूं नये. जाळ्यांत निरोप वर्तुळाकार फिरत राहून जाळें गुदमरूं नये म्हणून जी युक्ति आज जगभर वापरतात, ती १९८५ च्या सुमारास रेडिया पर्लमन या बाईंनीं शोधून काढली. नोकरी स्वीकारतांना पाळीचे दिवस, घरीं पोंचविण्याची सोय, घरूनच यंत्र सांभाळण्याची मुभा या गोष्टी लेखी विचारून घ्याव्या, हें मात्र मी चिरंजिवांच्या बाजूनें मान्य करतों.

क्लाउडविषयीं सांगावयाचें तर तो ढग कोठें आकाशांत नसतो. दुसर्‍याच्या इमारतींतील संगणक भाड्यानें घेणें, एवढाच त्याचा अर्थ. तेथेंहि पत्ते वांटावे लागतात, हक्क ठरवावे लागतात, प्रती काढून ठेवाव्या लागतात. कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञा झटकन लिहून देते हें मीं स्वतः नातीच्या संगणकावर पाहिलें आहे. ती आज्ञा बरोबर कीं घातकी, हें वाचून ठरविणारा मात्र कोणी तरी लागतो. आणि ज्यानें आपल्या हातानें कधीं फाइल पुसून परत मिळविली नाहीं त्याला तें ठरवितां यावयाचें नाहीं. कांहीं कामें कमी होतील, हें खरेंच आहे. केवळ आज्ञा पाठ असलेल्यांचीं आधीं जातील असें मला वाटतें.

चिरंजिवांचा विरोध अजून पुरता मावळलेला नाहीं. विषयाचा अर्ज भरावयास अद्याप पंधरा दिवस आहेत, आणि रोज रात्रीं जेवतांना तोच विषय निघतो.

ज्या घरांतून मुलें या वाटेला लागलीं आहेत त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. नवा महागडा संगणक घेण्याची घाई करूं नये. घरांत धूळ खात पडलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स फुकट चढवितां येतें; त्यासारखी प्रयोगशाळा नाहीं. घरांतील वायफायची पेटी हीहि एक लहानशी शाळाच आहे. तिच्यांत जाऊन कोणतें यंत्र कोणत्या पत्त्यावर आहे हें मुलाकडून वाचून घ्यावें, आणि विकत घेतांना आलेला सांकेतिक शब्द बदलून घ्यावा. सिस्को कंपनीचें पॅकेट ट्रेसर नांवाचें साधन विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतें. त्यांत कागदावर गांव वसवावें तसें सारें जाळें पडद्यावर मांडून पाहतां येतें. खाजगी वर्गांच्या जाहिरातींतील प्रमाणपत्रांवर हजारों रुपये घालण्यापूर्वीं हें सर्व करून पहावें.

मराठी माध्यमांतून आलेल्या मुलांबद्दल एक विशेष सूचना. त्यांची अडचण बुद्धीची नसते, वाचनाची असते. यंत्र चुकलें कीं तें पडद्यावर इंग्रजींत कारण सांगतें. आणि मुलें तें न वाचतांच खिडकी मिटवून टाकतात. नातीला मीं एक वही घालून दिली आहे. जो दोष दिसेल तो जसाच्या तसा उतरून घ्यावयाचा, खालीं त्याचा मराठी अर्थ, त्याखालीं आपण काय केलें आणि काय झालें. पहिल्या महिन्यांत बावीस नोंदी झाल्या. 'परवानगी नाहीं', 'फाइल सांपडत नाहीं', 'जागा उरली नाहीं', 'पलीकडून उत्तर नाहीं' : निम्म्याहून अधिक नोंदी या चारांतच बसल्या.

प्रवेश घेतांना महाविद्यालयांत दोन प्रश्न अवश्य विचारावे. तासांव्यतिरिक्त प्रयोगशाळा किती वेळ उघडी असते? आणि यंत्रांवर विद्यार्थ्याला सर्वाधिकार देऊन, निदान कल्पित यंत्रावर तरी, काम करूं देतात काय? उत्तर देणारे गृहस्थ कार्यालयांतील असतील तर त्यांना तें ठाऊक नसेल. तेव्हां प्रयोगशाळेच्या सहाय्यकाला गांठावें. तो बहुधा दाराजवळच्या खुर्चीवर बसलेला असतो, आणि किल्ल्या त्याच्याजवळ असतात.